हातावर वाढलेली बदकं रात्री अंगणात कशी झोपवायची

चोकडीत (धुण्याभांड्याच्या जागेत), बाल्कनीत नाहीतर जिन्याखालच्या खोक्यात वाढलेली बदकाची पिल्लं महिना-दीड महिन्याची झाली की घरभर ओला वास राहायला लागतो. पाण्याचं भांडं दिवसातून पाचदा उपडं होतं, गुळगुळीत फरशीवर त्यांचे पाय घसरतात, आणि घरातलं वडीलधारं माणूस एक दिवस सांगून टाकतं, "आता यांची सोय बाहेर करा." सोय करणं सोपं आहे, एका रविवारी सुताराला बोलावलं की खुराडं उभं राहतं. त्या खुराड्यात बदकं शांत झोपायला लागेपर्यंत मात्र दोन-तीन आठवडे जातात. घाई केली तर त्याहून जास्त.

अंड्यातून निघाल्यावर पहिल्या दिवसभरात जे हलताना-बोलताना दिसेल त्याच्या मागे बदकाचं पिल्लू लागतं. एरवी ती त्याची आई असते. तुमच्या घरात ते तुम्ही आहात, त्यातही सकाळी दाणा घालणारं माणूस. आईच्या पंखाखाली झोपणाऱ्या पिल्लाला काळोखाचं काही वाटत नाही, कारण काळोखातही आई अंगाला लागूनच असते. तुमचं पिल्लू दिव्याखाली, माणसांच्या बोलण्यात, टीव्ही चालू असताना झोपायला शिकलेलं आहे. त्याच्यावर एकाच रात्री नवी जागा, काळोख आणि तुमचं नसणं, अशा तिन्ही गोष्टी येऊन पडल्या की ते पहाटेपर्यंत ओरडतं. म्हणून या तिन्ही गोष्टींची सवय वेगवेगळी लावायची आणि शेवटी एकत्र करायची. पुढचा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच.

त्याआधी दोन अटी

बदक एकटं असेल तर आधी त्याला जोडीदार आणा. मस्कोव्ही सोडलं तर आपल्याकडची सगळी पाळीव बदकं, पांढरी पेकिन असोत की खाकी कॅम्पबेल, मॅलार्ड या रानबदकापासून आलेली आहेत. १९९९ साली मॅलार्डवर झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की रांगेत झोपलेल्या बदकांपैकी कडेची बदकं बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा आणि अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतात. मधल्यांना तेवढा पहारा करावा लागत नाही, ती निर्धास्त झोपतात. एकट्या बदकाला चारही बाजू कडेच्याच. दोन असली तरी चालतं, तीन असली तर उत्तम. नवीन आणलेलं पिल्लू साधारण त्याच वयाचं असावं, आणि पहिले दोन-तीन आठवडे त्याला वेगळं ठेवून, आजारी नाही हे बघून मगच एकत्र करावं.

दुसरी अट कायद्याची. पिल्लू बाजारातून न आणता तळ्याकाठी सापडलेलं असेल, म्हणजे हळदीकुंकू बदकाचं किंवा अडईचं असेल, तर ते पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते संरक्षित आहे. ते वनखात्याकडे द्या. हा लेख पाळीव बदकांपुरता आहे.

वयापेक्षा पिसं बघा

साधारण सात ते आठ आठवड्यांत पिल्लाच्या अंगावर पुरी पिसं येतात. छाती, पोट, खांदे आधी भरतात. पाठ आणि पंखांची लांब पिसं सगळ्यांत शेवटी. त्यामुळे समोरून बघितलं तर पिल्लू मोठं झाल्यासारखं दिसतं आणि मागून बघितलं तर पाठीवर पिवळी लव तशीच असते. लव भिजली की अंगाला चिकटते आणि पिल्लू गारठतं. आईखाली वाढणाऱ्या पिल्लांना तिच्या पिसांचा तेलकटपणा लागतो, तुमच्या पिल्लांना तो मिळालेला नाही. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, ती चोचीने घासून अंगभर तेल लावायला ती स्वतःच शिकतात, पण जरा वेळ लागतो. पाठीवर चमचाभर पाणी शिंपडून बघा. थेंब मोत्यासारखे घरंगळून गेले तर पिल्लू तयार आहे. पाणी आत मुरलं तर अजून आठवडाभर थांबा.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३२ अंश ऊब लागते, नंतर दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत आणायची. बडोद्यात एप्रिल-मेमध्ये जन्मलेल्या पिल्लांना दिवा असून नसून सारखाच. रात्रीही गरमच असतं, आणि पिसं आली असतील तर सहाव्या आठवड्यातसुद्धा ती बाहेर राहू शकतात. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा-बारा अंशांवर उतरतो, तेव्हा आठ आठवडे पुरे होऊ द्या. कोणत्याही मोसमात एक नियम पाळा: बाहेर नेण्याआधी निदान आठ दिवस पिल्लं दिव्याच्या उबेशिवाय घरात झोपलेली असावीत.

खुराडं

इथे पैसे वाचवू नका. हौसेने वाढवलेली बदकं थंडीने फारशी मरत नाहीत, जाळी चुकीची लावली म्हणून मरतात.

हार्डवेअरच्या दुकानात "कोंबड्यांसाठी जाळी" मागितली की पातळ षटकोनी जाळी पुढे येते. ती बदकाला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. भटकं कुत्रं ती दातांनी फाडतं. घ्यायची ती वेल्डमेश, म्हणजे जाड तारा सांध्यांवर वेल्डिंगने जोडलेली जाळी, भोकं अर्ध्या इंचाची. भोक एक इंचाचं असलं तर लहान साप आणि उंदीर सहज आत येतात. मुंगसाला दोनेक इंचांची फट पुरते, आणि ते उकरून खालून येतं. म्हणून जाळी जमिनीपाशी संपवायची नाही. बाहेरच्या बाजूला वळवून फूटभर रुंद पट्टा जमिनीवर अंथरा आणि त्यावर विटा किंवा माती टाका. उकरणारा प्राणी भिंतीला लागूनच उकरायला लागतो, तिथे जाळी लागली की तो कंटाळतो.

आता एक गोष्ट जी सुताराला सुचत नाही. खालचा फूटभर भाग जाळीचा ठेवू नका, तिथे फळी किंवा पत्रा लावा. बदकं भिंतीला टेकून झोपतात. जाळीला टेकलेल्या बदकाचा पाय घूस बाहेरून कुरतडते, मांजर पंजा घालून ओढते. शिवाय खाली आडोसा असला की रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा उजेड डोळ्यांवर येत नाही आणि बदकं दचकत नाहीत. हवा वरून खेळू द्या, बदकाच्या डोक्याच्या वर चारही बाजूंनी जाळी असू दे. त्यांच्या विष्ठेत आणि श्वासात पाणी खूप असतं. बंद खोक्यात सकाळपर्यंत डोळे चुरचुरतील इतका अमोनिया साठतो.

बदक दांडीवर बसत नाही, जमिनीवर झोपतं, त्यामुळे कोंबड्यांचं खुराडं जसंच्या तसं उपयोगी पडत नाही. एका बदकाला निदान चार चौरस फूट जागा धरा. दार रुंद ठेवा, कारण ती एकमेकांना ढकलत घोळक्यानेच आत शिरतात. उतार केला तर तो मंद असावा आणि त्यावर आडव्या पट्ट्या ठोकाव्यात. कडीला नुसता खटका पुरत नाही, खटका आणि त्यात अडकवायचा हूक, दोन्ही लावा. छप्पर पत्र्याचं असेल तर उन्हाळ्यात वर गोणपाट टाकून भिजवा. छप्पर बंदिस्त असलं की कावळ्या-कबुतरांची विष्ठाही आत पडत नाही, आणि बर्ड फ्लूच्या बातम्या येतात त्या थंडीच्या दिवसांत याचं महत्त्व कळतं.

खाली कोरडा भाताचा पेंढा किंवा लाकडाच्या जाड साली चार इंच पसरा. बारीक भुसा नको, तो नाकात जातो. पेंढ्याला कुबट वास आला तर तो लगेच बाहेर काढा. त्या बुरशीने बदकांच्या फुप्फुसांचा आजार होतो आणि त्यावर औषधाचा फारसा उपयोग होत नाही. दाणा रात्री तिथे ठेवू नका, दाण्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

सवय लावण्याचा क्रम

सुरुवात दोन ठिकाणी एकदम करायची. दिवसा पिल्लांना अंगणात काढा, खुराड्याचं दार उघडं ठेवा आणि खाणं फक्त आतच द्या. आत जायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. रात्री ती घरातच, नेहमीच्या खोक्यात. पण आता ठरल्या वेळी मोठा दिवा बंद करून झिरोचा बल्ब लावायचा आणि तुम्ही खोलीतून निघून जायचं. म्हणजे नवी जागा उजेडात ओळखीची होते आणि काळोख जुन्या जागेत. पहिल्या आठवड्यात एवढंच.

तुमचं नसणं हे दिवसाच शिकवा. अंगणात त्यांच्याजवळ खुर्ची टाकून बसा, मग खुर्ची थोडी लांब न्या, मग आत जाऊन खिडकीतून बघा. ती हाका मारतील. थोड्या वेळाने एखादं किडा शोधायला लागतं आणि बाकीची त्याच्या मागे जातात. परत या, पण त्यांनी हाका मारणं थांबवल्यावर.

दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळचं जेवण खुराड्यात हलवा. दिवेलागणीच्या अर्धा तास आधी, रोज त्याच वेळी, एकच हाक मारून. हाक कोणतीही चालेल, पण घरातल्या सगळ्यांनी तीच वापरायची. भिजवलेले हिरवे वाटाणे ही यासाठी सर्वांत उत्तम लाच, आणि ते दिवसभरात दुसऱ्या कोणत्याही वेळी द्यायचे नाहीत. सेव-उसळीतली उरलेली सेव तर अजिबात नको, तिखट-मीठ त्यांना झेपत नाही, आणि पावानेही नुसतं पोट फुगतं.

उचलून आत ठेवायचा मोह होईल. ठेवू नका. उचललेलं बदक समजतं की आता तुम्ही बरोबर राहणार. मागून सावकाश चालत, दोन्ही हात पसरून घोळका हाका, बदकं फार छान हाकली जातात. आत गेली की दार लावा आणि अर्ध्या तासाने उघडून त्यांना नेहमीप्रमाणे घरात न्या. दुसऱ्या दिवशी पाऊण तास, मग दीड तास, अंधार पडून जेवणं होईपर्यंत. याच दिवसांत घरातलं खोकं किंवा त्यांची जुनी चटई खुराड्यात नेऊन ठेवा. झिरोचा बल्बही तिथे, जाळीच्या बाहेर टांगून. तो वाऱ्याने हलता कामा नये, हलणाऱ्या सावल्यांनी बदकं बिथरतात. वायर त्यांच्या चोचीच्या आवाक्यात नको.

तिसऱ्या आठवड्यात रात्रभर. पहिली रात्र कोरडी आणि वारा नसलेली निवडा, आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला लवकर ऑफिसला जायचं नसेल अशी. त्या संध्याकाळी वेगळं काही करू नका. तेच वाटाणे, तीच हाक, तेच दार. फक्त परत आणायला जायचं नाही.

रात्रीच्या पाण्याबद्दल दुमत आहे. माझं मत सांगते: पाणी काढलं तर दाणाही काढावा, कारण कोरडा दाणा पाण्याशिवाय बदकाच्या घशात अडकतो. थंडीत मोठ्या पिल्लांना रात्रभर दोन्ही नसली तरी चालतं आणि पेंढा कोरडा राहतो. उन्हाळ्यात पाणी हवंच. तोंड अरुंद आणि चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतकं खोल भांडं कोपऱ्यात, खाली विटा घालून ठेवा. पसरट घमेलं ठेवलं तर पहाटे सगळं खुराडं चिखल.

ओरडणं ओळखायला शिका

हाकेचं ओरडणं उंच आणि एकसुरी असतं, थांबून थांबून तेच. ते दहा-पंधरा मिनिटं चालणारच. त्या वेळी दार उघडलंत तर पिल्लं एक धडा कायमचा शिकतात: पुरेसं ओरडलं की माणूस येतो. पहिल्या दोन रात्री हवं तर न दिसता ओट्यावर बसा आणि अधूनमधून हळू आवाजात बोला. तिसऱ्या रात्रीपासून तेही नको. घरातल्या लहान मुलांना हे सगळ्यात जड जातं, आणि आजोबांनाही. दोघांनाही आधी समजावून ठेवा.

धोक्याचं ओरडणं निराळं. सगळी झोपून शांत झालेली असताना अचानक एकदम, सगळ्यांचा एकाच वेळी गलका आणि पंखांची फडफड आली तर काही विचार न करता टॉर्च घेऊन धावा. बाहेर येताना आधी तोंडाने बोला, मग उजेड टाका, तोही जमिनीवर. काहीच दिसलं नाही तरी जाळीला बाहेरून पूर्ण फेरी मारा. मांजर पत्र्यावर बसलेलं असतं आणि तुम्ही आत बघत असता.

सकाळी बदकं पिसं फुगवून, मान आत ओढून बसलेली दिसली, वाटाण्याकडेही आली नाहीत, किंवा अंग कापत असलं, तर त्यांना आत घ्या आणि ऊब द्या. पाय लुळे पडत असतील तर दोष बहुधा थंडीचा नसतो. बदकाच्या पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा नायसिन (एक ब जीवनसत्त्व) जास्त लागतं, आणि नुसत्या कोंबडीच्या खाद्यावर ते कमी पडतं. पशुवैद्याला दाखवा.

बडोद्याचं पंचांग

पहिली रात्र कधी नको, हे शहरच सांगतं. घटस्थापनेपासून नऊ रात्री नको, गरब्याचे लाऊडस्पीकर मध्यरात्रीपर्यंत चालतात. दिवाळीच्या आठवड्यात नको. आणि उत्तरायणात तर अजिबात नको. १४ जानेवारीला दिवसभर अगाशीवरून आरडाओरडा, रात्री टुक्कल (पेटते कंदील) आणि फटाके, दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण. बाहेर झोपायची सवय झालेली बदकंसुद्धा या रात्री घरात घ्या. सगळ्या घोळक्याला एकत्र आणलं आणि सण संपल्यावर नेहमीच्या वेळी परत नेलं तर सवय मोडत नाही. सकाळी त्यांना सोडण्याआधी अंगण झाडून घ्या. कापलेल्या पतंगांचा मांजा झुडपात, गवतात अडकलेला असतो. बदक तो किडा समजून गिळतं किंवा पायात अडकवून घेतं, आणि काचेचा मांजा पाय कापतो.

पावसाळ्याचा प्रश्न याहून मोठा. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, म्हणून खुराडं विटांवर फूट-दीड फूट उचला. पण विश्वामित्रीच्या काठच्या सोसायट्यांना दीड फुटाने काही होत नाही. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला होता, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नदी घराघरांत शिरली. लोकांना वाटतं बदक आहे, तरंगेल. कुलूप लावलेल्या खुराड्यातलं बदक तरंगत नाही, छपराखाली अडकून बुडतं. आजवा धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की त्या रात्री बदकं खाली ठेवूच नका. भाजीचे दोन प्लास्टिकचे क्रेट याच कामासाठी बाजूला ठेवा, वरून जाळी बांधा आणि जिन्याने वर न्या.

विश्वामित्रीतल्या मगरी पुरात आवारात येतात, हे बडोदेकरांना सांगायला नको. आवारात बदकांचा वावर आणि साचलेलं पाणी असेल तर मगरीला थांबायला कारण मिळतं. अर्ध्या इंचाची जाळी तिच्यापुढे टिकत नाही. नदीकाठी राहत असाल तर पावसाळ्यापुरतं खुराडं पहिल्या मजल्याच्या गच्चीवर हलवणं हाच एक शहाणा मार्ग. मगर दिसलीच तर लांब राहा आणि वनखात्याला कळवा. काठीने हुसकावणं धोक्याचं आहे आणि बेकायदाही.

नंतरचं थोडंसं

सहाव्या ते आठव्या आठवड्यात आवाज फुटतो. मोठ्याने क्वॅक क्वॅक करते ती मादी, घोगरा पुटपुटतो तो नर. चार-पाच माद्या असतील तर शेजाऱ्यांना आधीच कल्पना द्या, कारण टेनामेंटच्या भिंती एकमेकींना लागून असतात आणि बदकांची पहाट पाचला होते. खुराडं शेजाऱ्यांच्या बेडरूमच्या खिडकीखाली नको, एवढं बघितलं तरी पुष्कळ भांडणं टळतात.

झिरोचा बल्ब महिनाभराने काढून टाकता येतो. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येत असेल तर त्याआधीही.

पाच-सहा महिन्यांनी माद्या अंडी द्यायला लागल्या की सकाळी सोडायची वेळ पुढे ढकला. बदकं बहुतेक अंडी पहाटे ते सकाळी आठ-नऊपर्यंत घालतात. सहाला सोडलीत तर अंडी तगरीच्या झुडपाखाली जातात, आणि ती मुंगसाला तुमच्या आधी सापडतात.